नळाचं पाणी कुठून येतं? सोलापुरातल्या एका घराचा परिसर अभ्यास

हे प्रकरण एकाच घराचं आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे राहणारं तेलुगू भाषिक पद्मशाली कुटुंब. आजोबांना घरात ताता म्हणतात. ते एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. गिरणी बंद पडली तेव्हा निवृत्तीला बरीच वर्षं बाकी होती. आजी म्हणजे अव्वा, तिचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सून एका पतसंस्थेत नोकरी करते आणि कधीकाळी ती माझ्या भूगोलाच्या तासाला बसायची, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. मुलं दोन. थोरला सातवीत, धाकटी चौथीत, दोघंही केंद्रीय अभ्यासक्रमाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुरुवात धाकटीच्या प्रश्नाने झाली. चार हुतात्मा चौकातून स्कूटरवरून जाताना तिने पुतळ्यांकडे पाहून विचारलं, "हे चौघं भाऊ होते का?" वडिलांनी "नाही गं" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चौघांची नावं आपल्यालाही सलग सांगता येत नाहीत. जन्म सोलापुरातला, शिक्षण सोलापुरातलं, तरीही. त्यांना ते लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं की मुलांना घरीच सोलापूर शिकवायचं.

वडिलांची यादी

राज्य मंडळाच्या शाळांमध्ये तिसरीत मुलांच्या हाती आपल्या जिल्ह्याचं परिसर अभ्यासाचं पुस्तक पडत आलं आहे. ११ तालुके, नद्या, पिकं, यात्रा, सगळं त्यात थोडं थोडं येतं. देशभरासाठी केलेल्या पुस्तकात सोलापूरला तेवढी जागा मिळणार नाही, हे उघड आहे. ती उणीव भरायला वडिलांनी यादी केली: भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, चार हुतात्मे, इंद्रभुवन, डॉ. कोटणीस स्मारक, पंढरपूर, अक्कलकोट. दर रविवारी एक ठिकाण. आधी नेटवरून माहिती काढून छापायची, मग जाऊन फोटो काढायचे, रात्री जेवणानंतर प्रश्न विचारायचे.

मुलांनी उत्तरं दिली, चांगली दिली. धाकटीने डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, ते १९३८ साली चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, हे घडाघडा म्हणून दाखवलं. मग आईने सहज विचारलं, चीन कुठे आहे? ती म्हणाली, "हैदराबादच्या पुढे." दिशा अगदीच चुकलेली नव्हती म्हणा. थोरल्याने तर दोन-तीन रविवारांनंतर क्रिकेटचं कारण काढून अंग काढून घेतलं.

सुनेने मला फोन केला तो या टप्प्यावर. "बाई, पोरं पाठ करतात आणि विसरतात. काय चुकतंय?"

माझ्या मते यादीतली ठिकाणं चुकीची नव्हती, क्रम उलटा होता. वडिलांकडे उत्तरं तयार होती आणि मुलांनी ती घ्यायची होती. घरी शिकवण्यात शाळेपेक्षा एकच गोष्ट जास्त असते: तिथे वेळापत्रक नसतं, त्यामुळे एका प्रश्नामागे कितीही लांब जाता येतं. ती सोडून आपण घरात आणखी एक शाळा भरवतो. मी म्हटलं, यादी बाजूला ठेव. सध्या तुमच्या घरात सगळ्यात जास्त भांडण कशावरून होतं? ती हसली. "पाण्यावरून. दुसरं काय?"

नळ

२०२४ चा मे महिना होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्या उन्हाळ्यात तर सगळ्यांची नजर उजनी धरणावर होती. मुलांना पहिलं काम दिलं ते एवढंच: आपल्या नळाला येणारं पाणी कुठून येतं ते शोधून काढा. नेटवर पाहायचं नाही. वडिलांना आणि ताताला ताकीद दिली, माहीत असलं तरी सांगायचं नाही. ही ताकीद पाळणं त्यांना फार जड गेलं.

मुलं चावीवाल्याकडे गेली. गल्लीत पाणी सोडायला येणारा हा माणूस त्यांनी जन्मापासून पाहिलेला, पण त्याच्याशी बोलली पहिल्यांदाच. थोरल्याने विचारलं, "काका, हे पाणी कुठलं?" "कुठलं म्हणजे? टाकीतलं." टाकीत कुठून येतं, असं विचारल्यावर तो थांबला आणि नीट बोलायला लागला. हिप्परग्याचं येतं, उजनीचंही येतं, टाकीत सगळं एक होतं. त्यातलं किती कुठलं ते वर ऑफिसात विचारा. म्हणजे शोधाच्या पहिल्याच पायरीवर मुलांना कळलं की उत्तर एक नाही.

सोलापूर शहराला पाणी तीन वाटांनी येतं. उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, शंभर किलोमीटरहून लांबून, पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात. दुसरी वाट नदीची: उजनीतून भीमेत पाणी सोडायचं, ते पंढरपूरवरून वाहत औज-टाकळीच्या बंधाऱ्यात पोचायचं, तिथून उपसून सोरेगावला. तिसरी वाट सगळ्यात जुनी आणि जवळची, हिप्परगा तलावाची. मुलांनी हे एका मोठ्या कागदावर काढलं. त्या नकाशात अंतरं चुकीची होती, उत्तर दिशाही नव्हती. मी काहीच दुरुस्त केलं नाही. नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून भूपत्रक, म्हणजे त्या भागाचा तपशीलवार नकाशा, उतरवून शेजारी ठेवलं, तेव्हा थोरल्याने आपणहून खोडरबर उचललं.

दुसऱ्या वाटेने घरात गंमत उडवली. धाकटीने बोटाने नदी गिरवली आणि विचारलं, "मग पंढरपूरची चंद्रभागा आपल्या टाकीत येते का?" भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात, पाणी तेच. म्हणजे टाकळीहून पाणी घेणाऱ्या घरांत चंद्रभागाच येते. अव्वाने हे ऐकून नळाला हात जोडले. थोरला मात्र म्हणाला, "वारीत एवढे लोक आंघोळ करतात, आणि आपण ते पितो?" त्यातून शुद्धीकरण केंद्रात काय होतं, तुरटी कशाला, क्लोरीन कशाला, हा वेगळाच धडा निघाला. कोणत्याही यादीत हा विषय आला नसता.

खरी पकड बसली ती वजाच्या आकड्याने. उन्हाळ्यात सोलापूरची वर्तमानपत्रं उजनीचा साठा टक्क्यांत छापतात, आणि २०२४ मध्ये तो वजा ५० च्याही खाली गेला होता. थोरल्याला सातवीत ऋण संख्या होत्या, पण वजा पाणी ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसेना. त्याच्या आईने न्हाणीघरातलं पिंप दाखवलं. पिंपाची तोटी बुडापासून वीतभर वर असते. तोटीच्या वरचं पाणी आपोआप येतं, खालचं तांब्याने काढावं लागतं. तोटीच्या पातळीला शून्य धरलं तर खालचं सगळं वजा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला तोटीच्या वरचा, म्हणजे उपयुक्त साठा ५३.५७ आणि खालचा, म्हणजे मृतसाठा ६३.६६. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात. म्हणजे वजा ५० टक्के याचा अर्थ मृतसाठ्यातूनही सुमारे २६.८ टीएमसी पाणी गेलं आणि जवळजवळ ३७ टीएमसी राहिलं. थोरल्याने हे स्वतः मांडलं आणि ताताला समजावून सांगितलं. "दुबार पंपिंग" हा शब्द सोलापुरात लहान पोरालाही ऐकून माहीत असतो; पातळी इतकी खाली जाते की पंपाच्या विहिरीपर्यंत पाणी पोचवायलाच आधी वेगळा पंप लावावा लागतो, हा त्याचा अर्थ त्या दिवशी त्याला लागला.

याच उताराने इतिहासही वर येतो. पाणी फार खाली गेलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं. धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमाकाठची गावं उठली, त्यांतलं ते एक. नळाला पाणी येतं त्यासाठी कुणाचं तरी गाव पाण्याखाली आहे, हे मुलांना वर्तमानपत्रातल्या फोटोवरून कळलं. थोरल्याचा पुढचा प्रश्न होता, ती माणसं आता कुठे राहतात. त्याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. तो प्रश्न वहीत तसाच लिहून ठेवला.

हिप्परगा, काळी माती आणि सप्टेंबर

हिप्परगा तलाव तुळजापूर रोडला, शहराला लागूनच आहे. धाकटीची समजूत अशी की तलाव आपोआप असतो, धरण माणसं बांधतात. बांधावरून चालल्यावर तिने विचारलं, हा डोंगर एवढा सरळ कसा? मग कळलं की तो मातीचा बांध आहे, आदिला नदीवर इंग्रजांच्या काळात घातलेला, १८७१ साली पुरा झालेला. सरकारी कागदात त्याचं नाव एकरूख तलाव. त्यानंतर पाच वर्षांनी, १८७६ मध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला. हा भाग दुष्काळाचा आहे हे ठाऊक होतं, म्हणूनच तलाव बांधला होता.

दुष्काळाचा का, यासाठी पावसाकडे जावं लागलं. भीमा उगम पावते भीमाशंकरला, सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे पावसाळ्यात धुवांधार कोसळतं. सोलापूर पर्जन्यछायेत, वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. मुलांनी गच्चीवर प्लॅस्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक बसवलं. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा ठेवला, बुडाच्या खळग्यांत पाणी भरून तिथे शून्य धरलं, बाहेर पट्टी चिकटवली. त्या वहीत दोन रकाने: आपल्या गच्चीवरचा पाऊस आणि पेपरातलं उजनी. गच्ची कोरडी असलेल्या दिवशीही उजनी वाढलेलं पाहून थोरला चक्रावला. मग "दौंडचा विसर्ग" म्हणजे काय ते कळलं: पुण्याकडची धरणं भरली की मुळा-मुठेचं पाणी भीमेतून दौंडवरून उजनीत उतरतं. ऑगस्टमध्ये धरण भरलं, ते मुख्यतः वरच्या खोऱ्यातल्या पावसावर.

दुसरा शोध मला जास्त मोलाचा वाटतो. शाळेच्या पुस्तकात जुलै-ऑगस्ट पावसाचे महिने. सोलापुरात मात्र सरासरीने सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. एका वर्षाच्या बाटलीवरून सरासरी काढता येत नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगितलं आणि हवामान खात्याचे जुने मासिक आकडे दाखवले. मग विचारलं, पाऊस जर शेवटी येतो, तर शेतकरी पेरणार कधी? उत्तर ताटातच होतं. इथली ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर पेरायची, पुढे पाऊस नसला तरी काळी माती ओल धरून ठेवते आणि पीक थंडीत उभं राहतं. मालदांडी या ज्वारीच्या वाणाची प्रसिद्ध निवड मोहोळच्या संशोधन केंद्रातली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हे नंतर सांगितलं तर चालतं. आधी सांगितलं की ती नुसती सामान्य ज्ञानाची ओळ होते.

मातीचा प्रयोग गावाबाहेरच्या पडीक शेतात झाला. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते. धाकटीने भेगेत बांबूची काठी घातली, ती कोपरापर्यंत गेली. एक ढेकूळ घरी आणून काचेच्या बरणीत पाण्यात विरघळवलं. याच फुगणाऱ्या, आकसणाऱ्या मातीमुळे इथे घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. ते गवंड्याने सांगितलं, मी नाही.

पाहिलं, ऐकलं, वाचलं

इतिहासाकडे वळताना मी एकच पद्धत सुचवली. वहीत तीन रकाने: पाहिलं, ऐकलं, वाचलं. घरातलं कुणीही काहीही सांगितलं की मुलांनी विचारायचं, तुम्ही हे पाहिलंय, ऐकलंय की वाचलंय? आणि त्या रकान्यात ते टाकायचं.

ताता खुलले. गिरणीचा भोंगा, पाळ्या, बदली कामगारांची दारावरची रांग, पितळी बिल्ला, हे सगळं "पाहिलं" मध्ये गेलं. बिल्ला तर त्यांनी ट्रंकेतून काढूनच दिला. आपले आजोबा करीमनगरकडच्या गावातून आले, ही गोष्ट "ऐकलं" मध्ये. थोरल्याने नकाशावर ते गाव शोधलं, वाडी जंक्शनमार्गे रेल्वेची रेघ काढली, आणि मग त्यालाच प्रश्न पडला की एवढ्या लांबून सोलापूरच का? त्याला मी तुकडे दिले, जोडणी त्याने करायची: रेल्वे इथे १८६० च्या सुमारास आली, १८७६ ते ७८ दुष्काळ, १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली, जिला सगळं गाव जुनी मिल म्हणतं, कापूस आसपास पिकायचा, आणि निजामाच्या राज्यातल्या तेलंगणात पिढीजात विणकर होते ज्यांचं पोट हातमागावर भरेनासं झालं होतं. त्याने एक जोडणी केली ती मला सुचली नव्हती: "दुष्काळ पडला म्हणून मजूर स्वस्त मिळाले असतील." हे वाक्य त्याने "वाचलं" मध्ये टाकलं नाही. चौथा रकाना काढला आणि वर लिहिलं: "मला वाटतं".

तो रकाना आता कायम आहे.

१९३० चा भाग सगळ्यात अवघड गेला, आणि त्याचं कारण मुलं नव्हती. वडिलांना तो अभिमानाचा धडा करायचा होता. सोलापूर नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० ला राष्ट्रध्वज फडकला; असा ध्वज फडकवणारी देशातली ही पहिली नगरपालिका असं गावात सांगतात. थोरल्याने विचारलं, "पहिली हे कसं कळलं? बाकीच्या सगळ्या कुणी तपासल्या?" वडील चिडले. मला विचाराल तर तो त्या घरातला सर्वांत चांगला प्रश्न होता. ध्वज फडकला, ही नोंद भक्कम आहे आणि तेवढीच पुरेशी मोठी आहे. "पहिली" हा शब्द "ऐकलं" मध्ये राहिला म्हणून ध्वज खाली येत नाही. पण वडिलांना ते पटवायला वेळ लागला, आणि पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही.

गांधीजींना ४-५ मे १९३० च्या रात्री अटक झाली. बातमीने सोलापूर पेटलं, गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडं तोडण्याच्या सत्याग्रहावरून पोलीस आणि जमाव समोरासमोर आले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे त्यात गेले. मंगळवार पेठेच्या चौकीवर पोलीस मारले गेले, न्यायालय जाळलं गेलं. पोलीस शहरातून निघून गेले आणि कारभार काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी चालवला. १२ मे ला सरकारने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा पुकारला. ताता म्हणायचे, सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं. मुलांना दुसरीकडे चार दिवस असं ऐकायला मिळालं. धाकटीने कॅलेंडर घेतलं, ९, १०, ११ वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आठ धरली तर चार." कुणाचंच चूक नव्हतं, कुठून मोजायचं यावर ते होतं.

घरची मंडळी मग रूपाभवानीपासून मंगळवार पेठेपर्यंत चालत गेली. गाडीवरून ते अंतर कळत नाही. जमाव चालत गेला होता, रस्ते अरुंद होते, मे महिन्याचं ऊन होतं, हे पायांना कळलं.

आणि पुतळे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. आडनावं वाचूनच धाकटीने ठरवलं की हे भाऊ नाहीत. तिचा पुढचा प्रश्न होता, मग एका चौकात का? चौघांवर एकच खटला चालला, पोलिसांच्या खुनाचा, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली. नऊ वर्षांच्या मुलीला फाशी सांगायची का, यावर घरात दोन मतं पडली. अव्वाचं म्हणणं, "मेले" एवढंच सांगा. आईने सांगितलं, सरळ, रंग न भरता. धाकटी थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारलं की जे पोलीस मेले त्यांचा पुतळा कुठे आहे. या प्रश्नाला घरातल्या प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं. मी तिथे होते, मी उत्तर दिलं नाही. मोठ्यांना एकमेकांशी असहमत होताना मुलांनी पाहावं, यात मला काही वाईट दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मी लक्षात आणून दिली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. त्यांच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषा आजही याच शहरात, पेठ बदलली की ऐकू येतात. थोरल्याने लगेच विचारलं, त्यात तेलुगू का नाही? बरोबर विचारलं. चौघांवरून गाव मोजता येत नाही, हे त्याला माझ्याआधी दिसलं.

किल्ला आणि सिद्धेश्वरांची यात्रा यांवर कमी लिहिते, कारण तिथे मुलांना फार ढकलावं लागलं नाही. डोंगर नाही म्हणून किल्ला भुईकोट, दुहेरी तटाचा, भोवती खंदक आणि एका बाजूला सिद्धेश्वर तलाव, हे धाकटीने तटावर उभं राहूनच सांगितलं. जानेवारीत नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघून ६८ लिंगांना जातात. तो मार्ग नकाशावर काढला की बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या गावाचा पसारा डोळ्यांपुढे येतो. हा नकाशा अर्धाच झाला आहे. यात्रेच्या गर्दीत नोंद करणं शक्य नसतं, एरवी एकेक लिंग शोधत हिंडावं लागतं.

अव्वाचं सूप

अव्वा म्हणायची, माझ्याकडे काय आहे सांगायला. धाकटीने तिच्याशी तेलुगूत बोलून वही भरली. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवायचं, साचा ठेवून कात्रीने कापायचं, मांडीवर सूप घेऊन वळायचं, दोऱ्याने बांधायचं, गड्डी करून कारखान्यात न्यायचं. मजुरी हजारावर. तपासणीत नापास झालेल्या विड्या बाजूला, त्यांचे पैसे नाहीत. मग नकाशा: तेंदूपान पूर्व विदर्भ, मध्य प्रदेश, तेलंगणाच्या जंगलांतून, विडीची तंबाखू मुख्यतः गुजरातेत आणि निपाणी भागात पिकते. शहरातल्या एका खोलीत बसलेल्या बाईच्या सुपात दोन दिशांची जमीन येत होती. किल्ल्यापेक्षा या नकाशात भूगोल जास्त होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे घरात ठिणगी पडली. शाळेत "माझं शहर" या विषयावर फाइल द्यायची होती आणि वडिलांनी अव्वाची पानं काढून घेतली. विडी तब्येतीला वाईट, शाळेत काय म्हणतील, असं कारण दिलं. खरं कारण सगळ्यांना कळलं होतं, अव्वालाही. सुनेचं म्हणणं होतं की सोलापुरात हजारो बायकांनी हेच करून मुलं शिकवली, कुंभारीला विडी कामगार महिलांच्या घरकुलांची अख्खी वसाहत उभी राहिली, हे शहराच्या इतिहासात नाही तर कुठे आहे? अव्वाचा खोकला, पाठदुखी हेही त्यातच लिहू. शेवटी फाइलमध्ये चादर आणि टॉवेल गेले, विडी घरच्या वहीत राहिली. मला हा निकाल आवडलेला नाही. पण घर त्यांचं, आणि अव्वाने स्वतःच "राहू दे" म्हटल्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

सध्या

हत्तरसंग कुडलला ती मंडळी हिवाळ्यात गेली. सीना जिथे भीमेला मिळते तो संगम, मातीखालून उत्खननात वर आलेलं मंदिर, आणि शके ९४० चा मराठी शिलालेख. थोरल्याने ७८ मिळवून १०१८ साल काढलं. अक्षरं त्याला वाचता आली नाहीत, पण सोलापूरच्याच आनंद कुंभार यांच्यासारख्या अभ्यासकाने असे लेख शोधत, वाचत आयुष्य घालवलं, हे ऐकून त्याने मोबाइलवर दगडाचे बरेच फोटो काढले. त्यात तिरप्या उजेडात अक्षरं जास्त उठतात हे त्याचं त्यालाच सापडलं. परतताना वाट वाकडी करून ती टाकळीच्या पुलावर थांबली. पलीकडे कर्नाटक, खाली आपल्या नळाचं पाणी.

यश कितपत, हे मी मोजमाप लावून सांगू शकत नाही. शाळेतल्या गुणांत काही फरक पडलेला नाही. थोरल्याचं क्रिकेट पुन्हा सुरू झालं आहे. उजनीचा रकाना तो आठवड्यातून एकदा भरतो, कधी विसरतो. धाकटी मात्र कुणालाही "पाहिलंय का ऐकलंय?" विचारते, त्यात पाहुणेही सुटत नाहीत, आणि आईला त्याचा थोडा त्रासच होतो. खर्च फारसा नाही: वह्या, एक मोठा कागद, पेट्रोल, भूपत्रकाची छपाई. जिल्हा गॅझेटियर नेटवर फुकट आहे, पण त्यातली भाषा मोठ्यांनी आधी वाचून सोपी करून द्यावी लागते आणि तेवढी तयारी दर रविवारी होत नाही. दोन रविवार जातात, तिसऱ्याला काहीतरी होतं.

या घराचं ऐकून जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाने मला विचारलं, आम्हालाही असंच करता येईल का. ते मूळचे सांगोल्याकडचे, नोकरीमुळे शहरात आलेले. त्यांच्याकडे ना गिरणी, ना विडी, आणि पाण्याचा प्रश्नही त्यांच्या सोसायटीत बोअरवर भागतो. त्यांना मी वजा उजनी दिलेलं नाही. गावाकडच्या शेताचा सातबारा आणा म्हटलं आहे, त्यावरची नावं आणि पिकं मुलांना वाचू द्या. डाळिंब त्या कागदावर कोणत्या वर्षी आलं आणि त्याआधी तिथे काय होतं, इथून ते सुरू करतील.